खून हवा, रक्त नको

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीवाला मुलगा सकाळी येऊन पाय वाकवून जायचा, मग दिवसभर ती आणि खिडकी. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई, मालिका बघणार नाही, मोबाइलवर वाचणार नाही. कपाटातल्या ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल, म्हणजे खून उकलणाऱ्या खेड्यातल्या म्हातारीच्या कादंबऱ्या, तिने खाली काढायला लावल्या. पहिली कादंबरी 1930ची, शेवटची छापून आली 1976 साली, एकूण 12. तीन आठवड्यांत फडशा.

"आता पुढचं आण."

"पुढचं म्हणजे काय आणू?"

"असंच काहीतरी. खून हवा, रक्त नको."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. ऑनलाइन दुकानात मार्पलच्या खाली 'हेही आवडेल' म्हणून जे दिसलं ते मागवलं. उत्तर युरोपातला बर्फ, दारुडा पोलीस, आणि दुसऱ्याच प्रकरणात एका बाईची बोटं. आईने पुस्तक उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मला अजून जेवायचंय."

मग कळलं की आई जे मागतेय त्याला नाव आहे. कोझी मिस्टरी. शोध घेणारा बहुतेक वेळा पोलीस नसतो, शेजारपाजारचंच कोणीतरी असतं. गाव छोटं, सगळे सगळ्यांना ओळखणारे. खून पडद्याआड होतो, प्रेताचं वर्णन दोन ओळींत आटोपतं, आणि शेवटी विस्कटलेली घडी परत बसते. नाव कळलं म्हणून प्रश्न सुटला असं मात्र नाही. या नावाखाली पुस्तकांचा एवढा ढीग आहे की पावसाळा काय, दिवाळी उलटून गेली असती.

त्यात एक फजितीही झाली. मार्पलची एखादी राहिली असेल म्हणून मी एका अनोळखी नावाचं पुस्तक घेतलं. आईने पहिलं पान वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पॅडिंग्टनहून सुटणाऱ्या 4.50च्या गाडीचीच, तिची आधीच वाचून झालेली गोष्ट होती. इंग्लंडमध्ये एका नावाने निघालेली पुस्तकं अमेरिकेत दुसऱ्याच नावाने निघतात, आणि ख्रिस्तीच्या बाबतीत हे अनेकदा झालंय. तेव्हापासून विकत घ्यायच्या आधी मागच्या पानावरची गोष्ट वाचते.

पहिली बरी पावती मिळाली ती एम. सी. बीटनला. तिची ॲगाथा रेझिन 1992 साली आली. लंडनमधली स्वतःची जनसंपर्क कंपनी विकून इंग्लंडच्याच कॉट्सवोल्ड्स भागातल्या खेड्यात राहायला गेलेली ही तिरसट बाई. गावात नाव व्हावं म्हणून पाककृतींच्या स्पर्धेत कीश ठेवते, अंडं-चीज घालून भाजलेला खारा प्रकार. ठेवते, पण दुकानातून आणलेला. आणि तो खाऊन परीक्षकच मरतो. आई खूश. "विकतच्या चकल्या घरच्या म्हणून खपवणाऱ्या चार जणी मला माहीत आहेत. अजून कोणी मेलं नाही एवढंच." पण तिसऱ्या पुस्तकापर्यंत बिनसलं. "ही बाई खुन्यापेक्षा पुरुषांच्याच मागे जास्त."

मग मांजरं आणि बिस्किटं. लिलियन जॅक्सन ब्राउनच्या सयामी मांजरांची मालिका 1966 साली सुरू झाली, तीन पुस्तकांनंतर 18 वर्षं थांबली आणि 1986पासून पुन्हा धो धो चालली. जोआन फ्लूकची नायिका मिनेसोटातली बेकरीवाली, गोष्टीच्या मध्येमध्ये कृती दिलेल्या. मला दोन्ही आवडली. आईला नाही. "खून झालाय, आणि ही लोणी किती घालायचं ते सांगतेय!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी दुकानाला विचारत होते, पुस्तकांच्या पाठी वाचत होते, आणि जी वाचणार तिला धड विचारलंच नव्हतं. एका दुपारी तिच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते, तेव्हा विचारलं, की मार्पलमध्ये तुला नेमकं काय आवडतं? खेडं? चहा? जुना काळ?

"अगं, तिला कोणी मोजतच नाही," आई म्हणाली. "विणत बसलेली म्हातारी. म्हणून तिच्यासमोर सगळे बोलतात. आणि ती प्रत्येक माणूस बघून म्हणते, हा आमच्या गावातल्या अमक्यासारखा. मी स्टाफरूममध्ये तेच करायचे."

म्हणजे मांजर, केक, खेडं हे सगळं वरवरचं होतं. तिला हवी होती लोकांच्या नजरेतून सुटलेली, पण स्वतःच्या नजरेतून काही न सुटणारी बाई. एवढं हातात आल्यावर शोधणं सोपं झालं.

आधी मिळाली प्रेशस रामोत्स्वे. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ हे एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय कायद्याचे प्राध्यापक होते, जन्म आताच्या झिंबाब्वेतला. 1998 साली त्यांनी बोत्सवानातली पहिली बाई डिटेक्टिव्ह लिहिली. वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून ती गॅबरोनमध्ये एजन्सी थाटते. पुस्तकांत खून फारसे नाहीतच. पळालेले नवरे, लबाड नोकर, हरवलेली पोरं. मला भीती होती की आई म्हणेल, खून कुठाय? पण तिचा जीव जडला तो सेक्रेटरीवर. सेक्रेटरियल कॉलेजच्या परीक्षेत 97 टक्के मिळवलेली माकुत्सी, आणि ते टक्के ती कोणाला विसरू देत नाही. "आपल्याकडे असती तर क्लासवाल्यांनी चौकात फ्लेक्स लावला असता." पुस्तकातला रुईबॉसचा लाल चहाही आणून दिला. निकाल: काढाच आहे, पण बरा आहे.

दुसरी वाट सापडली पुरस्कारांच्या यादीत. अमेरिकेत मेरीलँडमध्ये 1989पासून 'मॅलिस डोमेस्टिक' नावाचा या जातीच्या पुस्तकांचा मेळावा भरतो. तिथे ॲगाथा पुरस्कार देतात आणि बक्षीस असतं चक्क चहाची किटली. रक्तपात, उघडी वर्णनं यांना तिथे थारा नाही, म्हणजे आईची अट त्यांनी परस्परच पाळलेली. विजेत्यांची नावं वाचत खाली खाली जात होते आणि मध्येच मलबार हिल दिसलं.

सुजाता मॅसी. 2018चं पुस्तक, काळ 1921चा, गाव मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी मुलगी वडिलांच्या सॉलिसिटर फर्ममध्ये काम करते. मलबार हिलच्या एका बंगल्यात एकाच नवऱ्याच्या तीन विधवा पडद्यात राहतात. पुरुष वकील आत जाऊ शकत नाही, पोलीसही नाही. परवीन जाऊ शकते. आईने जे मार्पलबद्दल सांगितलं होतं त्याचीच ही दुसरी बाजू. बाई म्हणून कोर्टात जिला कोणी विचारत नाही, तिलाच बाई म्हणून जाळीपलीकडे जाता येतं. परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यांत एक कॉर्नेलिया सोराबजी, 1866 साली नाशिकला जन्मलेल्या, आपल्या डेक्कन कॉलेजात शिकून पुढे ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेलेल्या. हे कळल्यावर आईने दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवून सोराबजींबद्दल मिळेल ते वाचलं. पुढच्याच भागात परवीन सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते. तो भाग आई संपवेना, रोज दहाच पानं.

मुंबईवरूनच मग एच. आर. एफ. कीटिंगचा इन्स्पेक्टर घोटे आला. पहिलं पुस्तक 1964चं, आणि ते लिहिलं तेव्हा या साहेबांनी भारत पाहिलेलाही नव्हता. आईला हे आधी मुद्दाम सांगितलं नाही. तीस पानांवर तिनेच विचारलं, "हा माणूस मुंबईला आलाय का कधी?" तो आवडला तिला, पण घोटे पडला पोलीस, आणि वरून साहेबाला घाबरणारा. तिच्या बायकांच्या रांगेत तो काही बसेना.

ऑक्टोबरात आई काठी न घेता जिना उतरली आणि म्हणाली, अप्पा बळवंत चौकात जाऊ. जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला पॅट्रिशिया वेंटवर्थ मिळाली. जन्म मसुरीचा, आणि तिची मिस सिल्व्हर 1928 साली आलेली, म्हणजे कादंबरीपुरतं बोलायचं तर मार्पलच्याही आधी. निवृत्त गव्हर्नेस, म्हणजे लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी, हातात विणकाम, तोंडात टेनिसनच्या कविता. एकूण 32 पुस्तकं. निवृत्त शिक्षिकेला आणखी काय हवं?

घरी येऊन उघडलं तर एकतिसाव्या पानावर कोणीतरी एका नावाला पेन्सिलीने गोल करून बाजूला लिहिलेलं, 'खुनी हाच'. मी हळहळले, बदलून आणू म्हणाले. आईने ऐकलं नाही. निम्म्यावर आली तेव्हा एका चिठ्ठीवर तिने काहीतरी लिहिलं आणि घडी करून डब्याखाली ठेवलं.

दोन दिवसांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. चिठ्ठीत दुसरंच नाव होतं, आणि तेच बरोबर होतं. एकतिसाव्या पानावर पेन्सिलीच्या गोलावर लाल पेनाने फुली मारलेली, शेजारी 0/10, आणि खाली तिची सही.