छोटी लाईन, आत्या आणि कालाकुंडचा कलाकंद

मागच्या रविवारी आत्याला घेऊन इंदूरजवळच्या पातालपानीला गेले होते, तिथल्या जुन्या घाटातल्या हेरिटेज ट्रेनमध्ये बसायला. वय 75, गुडघे दुखतात, पण गाडीचं नाव काढलं तर सकाळी सहालाच तयार होऊन बसली, पोह्यांचा डबा, शेव वेगळी, आणि वर मलाच विचारते की तुझं अजून आवरलं नाही का.

आमच्या घरात या लाईनला कोणी कधी हेरिटेज वगैरे म्हटलं नाही, ती नुसती ‘छोटी लाईन’. आजीचं माहेर अकोल्याचं, त्यामुळे दर उन्हाळ्यात सगळी वरात इंदूरहून मीटरगेजनेच (एक मीटर रुंदीचे रूळ, म्हणून छोटी लाईन) निघायची, महू, पातालपानी, मग घाट उतरून खंडवा आणि तिथून सरळ अकोला. जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून पुढे हैदराबादकडे जायची, गाडी बदलायची भानगडच नाही. मुंबईला जाणाऱ्यांना मात्र खंडव्याला उतरून मोठ्या लाईनची गाडी पकडावी लागायची, आणि आत्याच्या मते ते लोक बिचारे.

ही लाईन आली ती होळकरांच्या पैशातून. दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, तेही 101 वर्षांच्या मुदतीने, वर जमीन फुकट. म्हणजे संस्थानाने इंग्रजांना कर्ज दिलं, हे शाळेत कोणी सांगत नाही बघा. खंडव्याकडून काम सुरू झालं, नर्मदेवर पूल झाला, घाट चढून दशक संपायच्या आत गाडी इंदूरला आली. घाटातली लाईन पूर्ण व्हायच्या आधीच पहिलं इंजिन हत्तींकडून ओढून इंदूरला आणलं असं सांगतात, खरंखोटं हत्तींना माहीत, पण तो घाट बघितला की हत्तींची दया येते.

कारण चढ आहे 1:40. चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालताना कळणार पण नाही, पण रेल्वेच्या लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर हा चढ म्हणजे भयंकर. म्हणून खंडव्याकडून येणारी गाडी घाटाच्या पायथ्याशी कालाकुंडला थांबायची आणि तिला मागे आणखी इंजिन लागायचं, बँकर, ते ढकलत ढकलत पातालपानीपर्यंत वर आणायचं. कोळशाच्या इंजिनाच्या काळात मुलं मुद्दाम मागच्या डब्यात बसायची म्हणे, बँकरचा धूर बघायला, आणि डोळ्यात कण गेला की आजीचा पदर.

उतरताना उलटी भीती, ब्रेकची. घाट सुरू व्हायच्या आधी गाडी थांबवून ब्रेक तपासायचे. पण इकडे कोणालाही विचारा, गाडी थांबते ती टंट्या मामासाठी. टंट्या भील म्हणजे इंग्रजांशी लढलेला आदिवासी बंडखोर, त्याला इंग्रजांनी 1889 साली जबलपूरला फाशी दिलं आणि देह इथे पातालपानीजवळ आणून टाकला असं लोक सांगतात. रुळाला लागून त्याचं मंदिर आहे. मामाला राम राम केल्याशिवाय गाडी खाली नेली तर काहीतरी होणारच, आत्या तर हे अगदी इंजिनीअरच्या आत्मविश्वासाने सांगते.

आता सध्याची गोष्ट. 25 डिसेंबर 2018 ला ही हेरिटेज गाडी सुरू झाली, तेव्हा महूहून निघायची. मग 2023 च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या, म्हणजे मोठ्या लाईनच्या, कामासाठी महू-सनावद बंद झालं, आणि आता ती पातालपानी ते कालाकुंड एवढीच धावते, जेमतेम दहा किलोमीटर. मोठी लाईन हा घाट टाळून लांबच्या वळशाने, बोगद्यांतून जाणार, म्हणून तर जुने रूळ वाचले. गंमत आहे, चढ वाईट म्हणून लाईन सोडली आणि तोच चढ बघायला आपण तिकीट काढतो. जायचं तर पावसाळ्यातच जा, बाकी वेळी पातालपानीचा धबधबा म्हणजे ओला दगड.

मोठ्या काचांचा एसी डबा आहे, आम्ही साध्यात बसलो, खिडकीतून हात बाहेर काढता येतो ना. धबधब्यापाशी गाडी थांबली, सगळे फोन काढून उतरले, आत्या मात्र जागेवरून हलली नाही, ‘मी पाहिलाय’ म्हणाली. बोगदा आला तेव्हा मात्र ओरडली. समोरची कॉलेजची पोरं आधी दचकली आणि मग पुढच्या बोगद्यात तिच्यापेक्षा जोरात ओरडली.

कालाकुंडला इंजिन सुटलं आणि दुसऱ्या टोकाला लागायला निघालं. आत्या विचारते, ‘बँकर लागतोय का?’ म्हटलं नाही गं, एवढ्याशा डब्यांना कशाला, एकच डिझेल आहे, तेच परत नेणार. मग ती बराच वेळ खंडव्याच्या दिशेच्या रुळांकडे बघत उभी राहिली आणि मी कलाकंदाच्या रांगेत. पानावर मिळतो, दाणेदार, थोडा जळकट गोड, इंदूरच्या दुकानातल्या त्या पांढऱ्या वड्या विसरा.

तिने तीन पुडे घ्यायला लावले, त्यातला एक अकोल्याच्या मामेबहिणीसाठी. आता तो पाठवणार कसा? रात्रीच्या बसने कोणी ओळखीचं जातंय का म्हणून तिने सोमवारी चार फोन केले, कोणी मिळालं नाही, आणि मंगळवारी तो पण आम्हीच संपवला.