एक नुसतं 'बरं'

आज आमच्या विनोदी टीव्ही मालिकेच्या रीडिंगला, म्हणजे सगळे बसून संहिता वाचतात तेव्हा, माझा सगळ्यात लाडका पंच (हशा पिकवायची ओळ) आपटला. टेबलाभोवती पंधरा माणसं, आणि ऐकू काय येतंय तर पानं उलटल्याचा आवाज! मग आमच्या ज्येष्ठ नटाने पेन्सिलीने अख्खी ओळ खोडली, नुसतं "बरं" म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. सगळे हसून फुटले. राग आला, खोटं कशाला बोलू? अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा जाता हातात उरतात २२ मिनिटं. त्यातून माझे दोन रात्रींचे शब्द गेले, त्याचा चष्मा राहिला. १९५१ मध्ये 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन विनोदी मालिकेवाले तीन फिल्म कॅमेरे लावून थेट प्रेक्षकांसमोर शूट करायचे, ते का हे आज नीट कळलं: हशा कुठे आहे ते कागद नाही, समोरची माणसं सांगतात. नव्या ड्राफ्टमध्ये कंसात लिहिलंय: (चष्मा पुसतो). श्रेय मात्र लेखकाचंच हं!