मंगळवारचा रिकामा तास

गेली तीन वर्षं मी एकटीच व्यायाम करत आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार वजनं, आणि बाकीचे दिवस जमेल तसं चालणं. माझी एक वही आहे, तिच्यात प्रत्येक सेट लिहिलेला असतो. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं) कधी वाढलं, खांद्याचा व्यायाम कुठे अडला, सगळं त्यात सापडतं. एकदा मागची पानं चाळताना लक्षात आलं की मंगळवार आणि गुरुवारसमोर जवळजवळ काहीच नाही. 'आज चालून येईन' असं सकाळी म्हणायचे आणि दिवस मावळायचा. त्याच सुमारास दोन जिने चढून वर पोचले की बोलायला दम पुरेनासा झाला होता. ऐंशी किलोचा डेडलिफ्ट उचलणाऱ्या बाईला दोन जिन्यांत धाप लागावी, हे मला मनापासून खुपलं.

म्हणून ठरवलं, आठवड्यातून एकदा सगळ्यांबरोबरचा क्लास लावायचा. ठरवायला एक संध्याकाळ लागली, निवडायला अडीच महिने. वेळापत्रकावरची दहा-बारा नावं बघून गोंधळून जाणारी मी एकटी नसणार, म्हणून ते अडीच महिने इथे लिहून ठेवते आहे.

पहिली चूक अगदी सुरुवातीलाच झाली. जो सगळ्यात जास्त दमवतो तो सगळ्यात चांगला, असं धरून चालले आणि मंगळवारचा इंटर्व्हल ट्रेनिंगचा क्लास घेतला. ट्रेनर म्हणाले, "आज चाळीस मिनिटं तबाता." वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा वीस. उड्या, बर्पी, लंज, परत उड्या. बाहेर पडले तेव्हा टी-शर्ट पिळून काढावा असा झाला होता आणि मी खूश होते.

बुधवारी स्क्वॉट होते, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा. एरवी आठ-आठचे चार सेट सहज होतात. त्या दिवशी तिसऱ्या सेटच्या पाचव्या रेपला, म्हणजे पाचव्या बैठकीला, बार खालीच राहिला आणि सेफ्टीच्या आडव्या दांड्यांवर टेकवावा लागला. गुरुवारी जिना उतरताना मांड्या थरथरत होत्या. वेगळ्या प्रकारचा व्यायाम झाला की स्नायूंचं दुखणं लगेच येत नाही, साधारण २४ ते ७२ तासांत ते टोकाला जातं. म्हणजे मंगळवारचा मार मी शुक्रवारपर्यंत सोसत होते. पुढच्या मंगळवारी तेच झालं. वहीत दोन्ही बुधवारचे आकडे उतरलेले दिसत होते.

मग तबाता या नावामागचं वाचलं. इझुमी तबाता या जपानी संशोधकाचा मूळ अभ्यास १९९६ चा. त्यात वीस-दहाच्या फक्त सात-आठ फेऱ्या होत्या, म्हणजे जेमतेम चार मिनिटं, त्याही सायकलवर आणि तरुण, सराव असलेल्या मुलांनी केलेल्या. जोर इतका की शेवटच्या फेरीत पेडल फिरणंच बंद व्हावं. चार मिनिटांत माणूस संपेल अशी ती रचना आहे, ती चाळीस मिनिटं चालूच शकत नाही. चाळीस मिनिटं चालतो तो वेगळा व्यायाम. तो वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण माझ्या बुधवारच्या आदल्या दिवशी त्याला जागा नव्हती.

त्या रात्री वहीचं कोरं पान घेतलं आणि सात दिवस उभे लिहून काढले. समोर 'काय होतं' आणि 'काय होत नाही'. हे आधीच करायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. दुसरा भाग माझा पुरा होता. पहिल्या भागात, खरं चालणं मोजलं तर, पन्नास मिनिटंसुद्धा भरत नव्हती. मला ताकद नको होती, दम हवा होता.

एवढं लिहिल्यावर अर्धं वेळापत्रक आपोआप गळलं. हलका बार घेऊन संगीतावर शेकडो रेप्स करायचा जो क्लास असतो, तो माझी एक मैत्रीण मनापासून करते आणि वजनांना कधी हात न लावलेल्या माणसाला मी तोच आधी सुचवेन. माझ्यासाठी मात्र तो आठवड्यातला चौथा वजनांचा दिवस झाला असता. पिलाटीसचा एक क्लास केला आणि फार आवडला. जोसेफ पिलाटीस आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणत, ते नाव मला जास्त पटतं, कारण पाय उचलण्यापेक्षा तो सावकाश खाली आणताना खरा कस लागतो. पण श्वास फुलत नाही. त्याच्यासाठी गुरुवार राखून ठेवलाय, पुढे बघू.

मग सायकलिंगचा क्लास. तिथे पहिल्यांदा मला चांगला शिकवणारा माणूस म्हणजे काय ते कळलं. "नवीन असाल तर पंधरा मिनिटं आधी या," असं त्या सरांनी फोनवरच सांगितलं होतं. गेले तर त्यांनी मला सायकलशेजारी उभं केलं आणि सीट माझ्या खुब्याच्या हाडाच्या उंचीला आणली. मग बसवलं, टाच पेडलवर ठेवायला लावली आणि पेडल अगदी खाली नेलं. गुडघा सरळ झाला. "आता टाच काढून चवडा ठेवा." गुडघ्यात थोडासा बाक राहिला. "हा बाक राहिला पाहिजे. राहिला नाही तर सीट उंच आहे, जास्त राहिला तर गुडघा पुढून दुखेल." मग जड चाक दाखवलं. या सायकलवर पाय थांबवले तरी चाक पेडलला ओढत राहतं, म्हणून थांबायचं तर आधी नॉब दाबायचा. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, "आज निम्माच रेझिस्टन्स, म्हणजे चाक निम्मंच जड. पहिल्याच दिवशी ताकदीबाहेर चालवून मांड्यांचे स्नायू इतके तुटतात की मूत्रपिंडावर ताण येतो, असं झालेलं आहे. दोन दिवसांत मांड्या सुजल्या, लघवी गडद तपकिरी झाली, तर मला फोन करू नका, थेट डॉक्टरकडे जा."

इतकं कुणी सांगत नाही. वजनं उचलणारी आहे म्हणून पाय तयार असतील असं मी गृहीत धरलं होतं, आणि धोका नेमका त्यात असतो. पाय दमले तरी मन त्यांना दामटू शकतं.

तीन मंगळवार सायकल चालवली. दम वाढला, जिन्यांत फरक जाणवला. तरीही सोडली, आणि सोडताना वाईट वाटलं. दिवसभर मी खुर्चीत पुढे वाकून काम करते. संध्याकाळी पुन्हा पुढे वाकून सीटवर बसायचं, हे चौथ्या आठवड्यात मान आणि कंबर सांगायला लागली. दुसरं कारण मला अचानकच सापडलं. एका मंगळवारी सायकलचा क्लास रद्द झाला म्हणून शेजारच्या हॉलमध्ये स्टेपचा, म्हणजे बुटक्या पाटीवर तालात चढ-उतार करायचा क्लास चालू होता तिथे शिरले. तिसऱ्याच मिनिटाला आडव्या पावलाला उजवा घोटा डगमगला.

हा घोटा दोन वर्षांपूर्वी मुरगळला होता. सूज गेली, दुखणं गेलं, मी तो विषय संपला असं धरलं. फिजिओथेरपिस्टनी तेव्हा एका पायावर उभं राहायचे आणि बाजूला पावलं टाकायचे व्यायाम दिले होते, ते दोन आठवड्यांत सुटले. आणि माझा सगळा व्यायाम बघा: स्क्वॉट वर-खाली, डेडलिफ्ट वर-खाली, चालणं पुढे, सायकल पुढे. बाजूला मी कधी जातच नव्हते. वहीच्या त्या पानावर मी स्नायू लिहिले होते, दम लिहिला होता. दिशा लिहायचं सुचलंच नव्हतं. घरी येऊन 'काय होत नाही' खाली लिहिलं: आडवी हालचाल, वळणं, तोल.

झुंबा, म्हणजे संगीतावर नाचत करायचा व्यायाम, हासुद्धा आडवा-तिरका हलवतोच, तोही एकदा करून पाहिला. कोलंबियाच्या आल्बेर्तो पेरेझ यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेला हा प्रकार का पसरला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं, हॉलमधला प्रत्येक चेहरा उजळलेला होता. पण लवकर येणाऱ्या गिरक्या माझ्या घोट्याला तेव्हा झेपल्या नसत्या. स्टेपमध्ये प्रत्येक पाऊल कुठे पडायचं ते ठरलेलं असतं. सगळं आठ-आठच्या मोजणीत, चार आठ मिळून बत्तीस ठोक्यांचा एक तुकडा, मग तोच डाव्या पायाने. पायाखालची पाटी सगळ्यात खालच्या उंचीला, साधारण दहा सेंटिमीटर.

स्टेपच्या दोन बॅच होत्या, दोन वेगवेगळ्या बायका घ्यायच्या. पहिल्या बॅचमधल्या मॅडम अप्रतिम नाचतात. त्या आमच्याकडे पाठ करून करत आणि आम्ही मागून पकडायचं. पाऊल बदललं हे कळेपर्यंत ते होऊन गेलेलं असे. घोट्याच्या दृष्टीने हा उशीर वाईट, कारण वजन एका पायावर पडलेलं असतानाच दिशा बदलावी लागते. दुसऱ्या मॅडम आमच्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि आरशासारखं करतात. आम्हाला 'उजवा' म्हणताना स्वतःचा डावा उचलतात, आणि नवं पाऊल यायच्या चार ठोके आधी त्याचं नाव घेतात. "चार, तीन, दोन, आडवं!" ऐकायला साधं वाटेल, पण त्यांना तासभर उलटं बोलावं आणि चार ठोके पुढे जगावं लागतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाचं काही जुनं दुखणं?" मी घोटा सांगितला. वॉर्म-अपनंतर त्या जवळ आल्या, माझं पाऊल बघितलं. अर्धी टाच पाटीबाहेर लटकत होती. "पूर्ण तळवा वर. उतरताना पाटीला चिकटून उतरा, मागे उडी नको. वळण आलं की तुम्ही जागेवर चाला."

आणि सगळ्यांसमोर न वळता जागेवर चालताना मला अजिबात संकोच वाटला नाही, कारण ते त्यांनी पर्याय म्हणून आधीच मोठ्याने सांगितलं होतं.

इथे एक गोष्ट मला जोडावीशी वाटते. ऑक्सफर्डच्या रोइंग करणाऱ्या मुलांवर २००९ मध्ये एक प्रयोग झाला होता. तेवढीच मेहनत एकट्याने केली त्यापेक्षा एका तालात सगळ्यांनी मिळून केल्यावर त्यांची वेदना सहन करायची मर्यादा जास्त भरली. क्लास आवडायचं कारण यात आहे, आणि माझ्या पहिल्या दोन मंगळवारचं कारणही. तालात असताना अंग ओरडतं ते उशिरा ऐकू येतं. म्हणून आता मी मध्ये मध्ये एक पूर्ण वाक्य बोलून बघते. तुटक तुटक निघालं तर हात खाली घेते, पाय चालू ठेवते. हात डोक्यावर असले की हृदयाचे ठोके उगाच चढतात.

दिवस बदलायची वेळ आली तेव्हा मनात एक भीती होती, दमाचा व्यायाम वाढला की ताकद घटेल. रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० चा जुना अभ्यास त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. त्यात ताकद आणि दम दोन्ही करणाऱ्यांची ताकद शेवटच्या आठवड्यांत खरंच अडली होती. पण ती माणसं आठवड्यात पाच दिवस ताकद आणि सहा दिवस दम करत होती, दहा आठवडे. माझा एक मंगळवार त्याच्या जवळपासही जात नाही. तरी स्क्वॉट बुधवारवरून शुक्रवारी नेले आणि बुधवारी पाठ आणि खांदे घेतले. पोटऱ्यांना श्वास घ्यायला तेवढी जागा पुरते. शुक्रवारचे आकडे तीन आठवड्यांत पूर्वीच्या जागी आले.

काल सातवा मंगळवार होता. क्लास संपल्यावर मॅडम पाटीखाली घालायचा ठोकळा घेऊन आल्या. "पुढच्या वेळी एक मजला वाढवायचा का?" मी बुटातला पाय गोल फिरवून बघितला आणि म्हटलं, "अजून दोन आठवडे इथेच राहू द्या, वळणं आधी नीट येऊ देत." त्यांनी ठोकळा परत भिंतीशी ठेवला. घरी येऊन वहीत लिहिलं: मंगळवार, स्टेप, खालची उंची, डावं वळण जमलं, उजवं अर्धं.