तुम्ही विचारलंत म्हणून: 2 किलोमीटरला 3 तास कसे काय लागतात?

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर रविवारचा प्लॅन टाकला की कोणीतरी नवीन माणूस हे विचारतोच. पायथ्याच्या गावापासून माथा मॅपवर 2 किलोमीटर दिसतोय, मग तुम्ही 3 तास का लिहिलेत, मधे जेवण आहे का? परवा ऑफिसातल्या एका ताई म्हणाल्या, मी रोज स्टेशनपर्यंत 2 किलोमीटर 25 मिनिटांत चालत जाते हो. म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू, पुढच्या वेळी नुसतं चिकटवता येईल.

आधी एक कबुली. कित्येक वर्षं मी स्वतः याचं चुकीचं उत्तर देत होतो. मी सांगायचो की नकाशा म्हणजे वरून बघितलेलं सपाट चित्र, त्यात चढ दिसत नाही, म्हणून खरं अंतर खूप जास्त असतं. ऐकायला बरोबर वाटतं, पण एकदा लोकलमध्ये बसल्या बसल्या आठवीतला पायथागोरस लावून बघितला. समजा नकाशावर आडवं अंतर 2 किलोमीटर आणि चढ 800 मीटर, म्हणजे सह्याद्रीतली बऱ्यापैकी दम काढणारी घाटवाट, तर तिरकं अंतर येतं साधारण 2154 मीटर. बस्स! फक्त दीडशे मीटर जास्त. वळणावळणाची वाट म्हणून अजून थोडं वाढवा, तरी वरचे अडीच तास त्यातून निघत नाहीत.

वेळ अंतरात जातच नाही, उंचीत जातो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली यावर एक साधा हिशोब मांडला, आजही जगभर तोच वापरतात: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर धरा आणि चढायच्या दर 600 मीटरला एक तास वेगळा धरा. म्हणजे आपल्या वाटेला चालण्याचे 24 मिनिटं आणि चढण्याचे 80, झाले पावणेदोन तास. आता हा हिशोब थंड हवेतल्या फिट माणसाचा, आपल्याकडे मार्चमधलं ऊन, मुरमाचा घसारा, 15 जणांत दोघं दर दहा मिनिटांनी पाणी पिणार आणि एकाचा बूट उघडणार. म्हणून 3.

मग हा चढ कळणार कसा? ट्रेकच्या मीटिंगला मी सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा, आणतो, 1:50,000 ची, तिच्यावर 1 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. तिच्यावर ज्या तपकिरी रेषांचं जाळं असतं त्या समोच्च रेषा, शाळेत पाठ केल्या होत्या आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो त्याच. एका रेषेवरचे सगळे बिंदू सारख्या उंचीवर, आणि एका रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलात की 20 मीटर चढलात (किंवा उतरलात), दर पाचवी रेष जाड. आपले 2 किलोमीटर म्हणजे कागदावर 4 सेंटीमीटर, आणि 800 मीटर चढ म्हणजे त्या 4 सेंटीमीटरमध्ये 40 रेषा. मिलिमीटरला एक! चष्मा लावून, सुईचं टोक ठेवत मोजाव्या लागतात, मी तर आता जाड रेषाच मोजतो, आठ आल्या की समजायचं पाण्याच्या बाटल्या तीन घ्यायच्या. कागद नको असेल तर गूगल मॅपमध्ये टेरेन लावून झूम करा, तिथेही रेषा दिसतात, फक्त दोन रेषांमध्ये किती मीटर आहेत ते आधी बघून घ्या.

रेषांनी इंग्रजी व्ही काढलाय आणि त्याचं टोक चढाकडे आहे तर ती नाळ (डोंगरातली अरुंद घळ) नाहीतर ओढा, टोक उताराकडे तर डोंगराची सोंड. हे एवढं जरी कळलं तरी निम्मं काम झालं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी तर रेषा इतक्या चिकटतात की नुसता तपकिरी फराटा दिसतो. आणि गंमत म्हणजे तो कडा मधे आत वळलेला आहे, त्याच्या टोकाशी पालथं झोपून खाली बघितलंय त्यांना माहीतच असेल, पण तो पोटातला बाक या रेषांना दाखवताच येत नाही.

माझी फजिती मात्र कड्यावर नाही झाली, साध्या जागी झाली. एका अनोळखी वाटेवर रेषा छान लांब लांब दिसल्या, म्हटलं इथून आरामात चढू, आणि समोर 15 मीटरचा सरळ कातळ. शीटमध्ये चूक नव्हती, वाचणाऱ्यात होती. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणून तो जिन्यासारखा चढतो: कातळ, मग पदर (म्हणजे मधली सपाटी), परत कातळ, परत पदर. या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दही जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आता खाली पदर, वर पदर आणि मधला कातळ 20 मीटरपेक्षा कमी असेल, तर तो दोन रेषांच्या मधे अख्खा लपून बसतो. त्या दिवशी गुरं घेऊन चाललेल्या एका मामांनी आम्हाला बाजूच्या नाळेतून वर काढलं. किती वेळ लागेल विचारलं तर म्हणाले, हे काय, इथंच तर हाय. दीड तास लागला.

हे सगळं लिहून, पुढच्या रविवारच्या वाटेवरच्या रेषा मोजून, फोटोवर लाल पेनाने नंबर टाकून काल ग्रुपवर टाकलं. अकरा जणांनी अंगठा दाखवला. बारावा म्हणतोय, सर ते ठीक आहे, पण उतरताना तर 25 मिनिटंच ना?