खंदकातली दुपार

माझं माहेर ठाण्याच्या जेलजवळ. ती जागा म्हणजे मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. येता-जाता बाबा भिंत दाखवायचे. आत कधी जाता आलं नाही. जाण्याची वेळ येऊ नये, असं आजी म्हणायची!

म्हणून ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर किल्ल्याच्या खंदकात चक्क फिरायला मिळतंय म्हटल्यावर मी समुद्रकिनारा सोडला. नवरा कुरकुरत आला. हा खंदक कोरडाच. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये गवत, झाडं, आणि जागोजागी पडलेले दगडी तोफगोळे. काही तर आमच्या पुरणाच्या पातेल्याएवढे. एक हलवून बघितला, तसूभर सरकला नाही.

१५२२ मध्ये तुर्कांच्या सुलतान सुलेमानाने या किल्ल्याला वेढा घातला, तो सहा महिने चालला. शेवटी तह झाला आणि किल्ला लढवणारे सेंट जॉनचे सरदार, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, १५२३ च्या पहिल्याच दिवशी जहाजांत बसून निघून गेले. म्हणजे मान राखून बाहेर पडायची सोय होती तर.

वरचा राजवाडा मला बेताचाच वाटला. मूळचा १८५६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला. आताचा इटालियनांनी उभा केलेला, मोझेक फरशा कोस बेटावरून आणलेल्या. फारच नवाकोरा.

खंदकात परत येऊन डब्यातले मेथीचे ठेपले खाल्ले. बाबांना तोफगोळ्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘‘व्यास मोजलास का?’’