बायॉसमध्ये बदल केला आणि पीसी चालूच होईना?

बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग) चालू केला, सेव्ह केलं, आता पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच. लगेच दुकानात न्यायची घाई करू नका. नवा वेग रॅमला किंवा प्रोसेसरला झेपला नाही की असं होतं. बहुतेक वेळा काही जळालेलं नसतं. बरेच मदरबोर्ड स्वतःच दोन-तीनदा बंद-चालू होऊन जुन्या वेगावर येतात, म्हणून आधी पाचेक मिनिटं थांबा.

नाहीच आलं तर सीमॉस रिसेट, म्हणजे बायॉसच्या साठवलेल्या सेटिंग पुसून मूळच्या आणणं. पीसीच्या वायरची पिन भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा, मग पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, उरलेला करंट निघून जातो. मदरबोर्डवरच्या चपट्या सीआर२०३२ सेलची क्लिप नखाने हलकेच मागे सारली की सेल वर येतो. ५ मिनिटांनी परत बसवा, अधिक चिन्ह वर. सेल ३ व्होल्टचा असतो. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर नवाच टाका. सांगलीत हरभट रोडला घड्याळवाल्याकडेही विचारून बघा.

खरी फसगत पुढे होते. रिसेटमुळे साटा मोडही (हार्ड डिस्क किंवा एसएसडी कशी चालवायची ती सेटिंग) मूळ सेटिंगवर जातो. आधी तो रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारा मोड) असेल आणि आता एएचसीआय (AHCI, नेहमीचा साधा मोड) झाला, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. फॉरमॅट मारू नका, बायॉसमध्ये जाऊन मोड पूर्वीचा करा. जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेल्या विंडोजला सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी बायॉसमधली सेटिंग) चालू लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, ती आधीच कागदावर लिहून ठेवा.

आणि पावसाळ्यात लाइट ये-जा करत असताना यूपीएसशिवाय बायॉस अपडेट अजिबात नको.