वही तपासणीत अडकलेलं एक पान

ऐरोलीतल्या एका मराठी शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. अभ्यास हा आपला आहे, बाईंचा नाही, हे मुलांना वाटावं म्हणून यंदा एक पद्धत सुरू केली. धडा सुरू झाला की प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न काढायचा, उत्तर स्वतः शोधायचं आणि तो शोध वहीत लिहायचा. मुलं पटकन रुळली, पालकांनीही फार कुरकुर केली नाही. घोडं अडलं ते वही तपासणीला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिलाच धडा अनुकूलनाचा. दिवागावातल्या एका मुलाने खाडीकाठचं तिवर निवडलं. त्याच्या वहीत होतं: ‘तिवराचं पान चाटलं. खारट लागलं.’ खाली: ‘पाऊस पडून गेल्यावर चाटलं. खारट नाही.’ मग ‘पानाला भरतीचं पाणी लागतं’ हे वाक्य खोडलेलं, कारण पाणी त्या फांदीपर्यंत पोचत नाही हे त्याने स्वतः पाहिलं होतं. शेवटी: ‘मीठ पानातूनच बाहेर येतं का?’ तिवराच्या पानात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, हे मी वर्गात सांगितलेलंच नव्हतं!

वहीच्या या पानावर पर्यवेक्षकांचा लाल शेरा आला: ‘खाडाखोड. स्वाध्याय अपूर्ण.’ त्यांना सगळ्यांच्या वह्यांत तीच उत्तरं, त्याच क्रमाने हवी होती. आधी वह्या पूर्ण करून घ्या, मग बघू, म्हणाले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, संस्थेला विचारते. संस्थेतून उत्तर आलं, हा मुख्याध्यापकांचा विषय. या टोलवाटोलवीत पहिली घटक चाचणी आली आणि मुलं फळ्यावरची उत्तरं उतरवत बसली. तिवरवाला मुलगा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, “बाई, हे पान फाडू का?” नीटनेटक्या वहीसाठी एका मुलाला आपला विचार फाडावासा वाटतो, हे मला सहन होत नाही.

सुटका झाली ती शासनाच्याच कागदाने. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात सातवीला ४० गुण आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या कामाचे, आणि ६० संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. आकारिकच्या साधनांत प्रयोग, उपक्रम, प्रकल्प आहेतच. प्रत्येक मुलाचा प्रश्न कोणत्या साधनात बसतो याचा तक्ता केला. सोबत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ जोडलं. कृती आणि शोधातून शिकणं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी वाचलं आणि तिथेच सही केली. खरं सांगते, वर्गात परतताना मला फार अभिमान वाटला.

तुम्ही हे करणार असाल तर तक्ता जूनमध्येच टाचणाला, म्हणजे आपल्या पाठाच्या नियोजनाला, जोडून सही घ्या. शोधाची वही वेगळी ठेवा, म्हणजे स्वाध्यायाच्या वहीवरून वाद होत नाही. खोडलेलं वाक्य मुलांना पुसू देऊ नका. विचार कुठे वळला ते तिथेच दिसतं. आणि हो, प्रश्न ठरवायला पूर्ण तासिका द्या. घाईत मुलं पुस्तकातलाच प्रश्न उचलतात.